हरेश्वरचं पळीभर तेल

“तू चावी फिरवलीसच क्यांला? तुना सांगला व्हता ना, मी येयाच्या आधी गारीला हात लावू नको!”

बोनेटवर तळहात ठेवून हरेश्वर ओरडला. पत्रा चांगला तापला होता.

“अरे, चालू होते का तेवढंच बघितलं,” युजीन म्हणाला. “लगेच बंद केली.”

“लगेच? यावर बोंबील भाजून देऊ? दे, कोलसा नको नि काय नको.”

चूक युजीनची होतीच. त्याच्या त्या जुन्या परदेशी गाडीत एक हवेचा पंप आहे. गार इंजिन चालू केलं की हा पंप मिनिटभर धुराच्या वाटेत ताजी हवा फुंकतो, म्हणजे अर्धवट राहिलेलं पेट्रोल तिथेच जळून जातं. चूल धरेपर्यंत फुंकणी मारायची आणि धरली की बाजूला ठेवायची, तसं. इंजिन तापलेलं असलं तर पंप जागचा हलत नाही. म्हणजे त्याची परीक्षा रोज एकदाच, सकाळी. आजची युजीनने वाया घालवली होती आणि उद्या, रविवारी, चर्चमधली मिसा आटोपली की आचोळ्याहून गाडी घेणारा यायचा होता.

त्याला बोलावलं होतं मटिल्डाने, युजीनच्या बायकोने. तिचंही काही चुकत नव्हतं. पावसाळ्यापासून हा पंप रोज पहाटे असा काही हेल काढायचा, की गिरीज गावची सगळी कुत्री त्याला ओ द्यायची. “लोक गाडी घेतात, आमच्या माणसाने कोल्हा पाळलाय,” ती म्हणायची. युजीनने उमर जहाजांवर काढली, घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली. स्वतःच्या हौसेची म्हणून ही एवढीच वस्तू घेतली. ती जाणार म्हटल्यावर तो दोन दिवस धड जेवला नव्हता. तसं बोलून दाखवायचा मात्र नाही.

हरेश्वर अर्नाळ्याचा. घरची बोट, बाप तांडेल, आणि पोरगा बोटीत पाय ठेवला की ओकायचा. कोळ्याच्या घरात असलं रत्न निघाल्यावर गाव हसणारच. बापाने एक दिवस वैतागून त्याला किनाऱ्यावर बंद पडलेल्या इंजिनाजवळ सोडलं आणि तिथे मात्र तो रमला. बोटींची इंजिनं झाली, मग गिरीजच्या वाड्यांतले पाण्याचे पंप, मग रिक्षा, मग मोटारी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो. इंजिनांना शिव्या घालतो, गिऱ्हाइकांना शक्यतो नाही.

अर्नाळ्यात खारं वारं कशालाच सोडत नाही. कुलूप, बिजागरी, शिवणयंत्र, नांगराची साखळी, जे दिसेल त्याला तिथे तेल देतात. तेल दिलं ते टिकलं, हे तिथलं पोर चालायच्या आधी शिकतं. म्हणून गणपतीच्या सुमारास हा पंप पहिल्यांदा ओरडला, तेव्हा हरेश्वरने फारसा विचार केला नाही. हवा ओढायच्या तोंडातून पळीभर तेल आत सोडलं.

पंप गप्प झाला. मटिल्डाने खूश होऊन त्याला बदक रांधून घातलं.

तिसऱ्या दिवशी गाडीने पांढरा धूर ओकला आणि हेल दुप्पट झाला. गुरुवारी हरेश्वरने पंप काढून उघडला, तर आत तेलात धूळ बसून काळा लगदा झालेला. हवेचा पंप तो, कोरडाच फिरायचा. पुढच्या नळीतली झडपही गंजून उघडी राहिलेली. इंजिनाचा ओला धूर तिच्यातून उलटा पंपात शिरत होता. मूळ दुखणं ते होतं. त्यावर तेलाचं औषध हरेश्वरचं. युजीनला त्याने सांगितलं. मटिल्डाला सांगायला जीभ उचलली नाही.

त्याने कुर्ल्याच्या भंगारबाजारातून धड पंप शोधून आणला, झडप नवी बसवली. तेलाची बुधली त्या दिवशी मुद्दाम गॅरेजातच ठेवून आला.

रविवारी उजाडताना तिघं गाडीपाशी उभी होती. मटिल्डा मिसेला देवळात जायच्या कपड्यांत. बोनेट गार होतं. हरेश्वरने मान हलवली, युजीनने चावी फिरवली.

भुंगा केळीच्या पानामागे घुमावा तसा पंप घुमला. मिनिटभराने आपणहून थांबला. हरेश्वरने नळी सोडवून झडपेच्या तोंडाशी तळहात धरला. उलटा धूर येत नव्हता. त्याने नळी परत बसवली.

“झाला,” तो म्हणाला.

“आज झालं,” मटिल्डा म्हणाली. “मागे पण दोन दिवस गप्प होती आणि मग पुन्हा सुरू. ह्या गाडीचा भरवसा नाही मला. जाऊ दे ती.”

युजीन स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

“वयनी,” हरेश्वर म्हणाला, “तवा गारी गप नव्हती झाली. मी तिचा तोंड दाबला व्हता. पंपात तेल मी ओतला. ओतायचा नसते तो. झडप गारीची गेली व्हती, पन पंपाची वाट मी लावली.”

मटिल्डाने आधी नवऱ्याकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“गुरुवारपासून.”

“आणि हा बदक खाऊन गेला!”

“दोन वेला वाढून घेतला,” हरेश्वर म्हणाला. “खोटा नाय बोलनार.”

ती हसली नाही. पण ओठ आवळायला तिला कष्ट पडले. “म्हणजे खोट गाडीत नव्हती, तुझ्यात होती. मग आचोळ्याच्या माणसाला तुलाच घेऊन जायला सांगते.”

“मना नेऊन त्याला परवडनार नाय, वयनी. गारी पेट्रोल पिते त्याच्या वर मी पितंय.”

मटिल्डाने पर्समधून फोन काढला. एवढ्या सकाळी त्या माणसाला उठवून, गाडी द्यायची नाही, येऊ नका, असं दोन वाक्यांत सांगितलं आणि मागचं दार उघडून आत बसली. “चल रे युजीन. फादर थांबणार नाहीत आपल्यासाठी.”

युजीनने काच खाली करून हरेश्वरकडे नुसतं बघितलं. “जा, जा,” हरेश्वर म्हणाला, “नि पुढ्यात बघून चालव.”

गाडी वाडीच्या बांधावरून वळली. हरेश्वरने हात पँटला पुसले आणि पाने, स्क्रूड्रायव्हर गोळा केले. नाक्यावर एक रिक्षावाला क्लचची तार तुटून खोळंबला होता. तिथे पोचल्यावर हरेश्वरने पोत्याचा तुकडा अंथरला, रिक्षा कलती करवली आणि खाली शिरत म्हणाला, “धर नीट. नि मी सांगेपावत सोडू नको.”