आईचं बोंड
परवा भाचीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सीताबर्डीतला तो छोटा दवाखाना आठवला. माझी स्तनाग्रं पहिल्यापासून आत वळलेली. तिशीत धीर करून मी आईला घेऊन तिथे गेले. पुण्याकडच्या डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या, "तेवढ्या जागेपुरती भूल, आत बारीक टाके, संध्याकाळी घरी. काही दिवस दाब पडू द्यायचा नाही. क्वचित पुन्हा आतही जातात." खिडकीबाहेरून मेट्रो गेली. आईनं मध्येच विचारलं, "बोंड बाहेर आलं, तं लेकराले पाजता येईन नं?" बाई गोंधळल्या, "बोंड? कापसाचं?" मी मान खाली घालून अर्थ सांगितला. त्या हसल्या नाहीत. "दुधाच्या नळ्या कापाव्या लागल्या, तर कदाचित नाही येणार." माझा चेहरा उतरला. आई मात्र पदर सावरत म्हणाली, "काहून घाबरून राहिली वं? माहे बी असेच होते. तुले शेजारच्या काकूनं पाजलं." हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशनचे टाके केव्हाच विरघळले. पण तेव्हापासून माहेरी गेले की मी आधी शेजारी जाऊन काकूंच्या पाया पडते. का, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.