तपासणी नवऱ्याची, नाव बायकोचे

१७ जानेवारी. तपासलेल्या चौकटी नऊ. जिवंत शुक्राणू शून्य, मृत शून्य.

हा निष्कर्ष मोजणीबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. रुग्णालयाच्या तळघरातील प्रयोगशाळेत त्या सव्वीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषांचे वीर्य तपासत होत्या, आणि त्यांचे मूळ नाव केवळ हजेरीपटापुरते उरले होते. घरी मात्र या कामाला नावच नव्हते. सासूबाई शेजारणींना "ती रक्त तपासते" असे सांगत. पाहुण्यांसमोर विषय निघाला की नवऱ्याला हटकून पाणी आणायचे सुचे. मुलीच्या शाळेत प्रजननसंस्थेचा धडा शिक्षकांनी "घरी वाचून या" म्हणून उरकला होता. ज्या अवयवांवाचून कोणीही जन्माला आलेले नाही, त्यांचे नाव घेताना शहाण्यासुरत्या माणसांची वाचा का बसावी, हे बाईंना कधीच उमगले नाही. उबग मात्र आला. या गप्प बसण्याचे परिणाम रोज त्यांच्या टेबलावर येऊन पडत. कोणी नमुना खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणी, तळाला गोड चिकटा तसाच. कोणी तो रात्रभर फ्रिजमध्ये जपून ठेवी. 'नमुना तासाभरात आणावा' असे दारावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेले होते. वाचतो कोण?

सहा आठवड्यांनी, एका शुक्रवारी, खिडकीपाशी एक वयस्क बाई येऊन उभी राहिली. हातात तोच १७ जानेवारीचा कागद होता.

"ताई, आमच्या सुनेचं शून्य आलंय. सोमवारी तिच्या नळ्या उघडायची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी एकदा परत मोजता का? सहा आठवडे वैद्याचं औषध चालू आहे पोरीला. चार-पाच तरी वाढले असतील की!"

बाईंनी कागद पाहिला, मग त्या वयस्क बाईकडे पाहिले, मग पुन्हा कागद. मागच्या बाकावर सून मान खाली घालून बसली होती. शेजारी तिच्या नवऱ्याने मोबाइलमध्ये डोके खुपसले होते.

रुग्णालयाची एक पद्धत होती. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याची एकच फाइल उघडायची, आणि ती बायकोच्या नावाने. त्यामुळे नवऱ्याच्या तपासणीच्या कागदावरही बायकोचेच नाव छापून येई. बाईंनी चार वेळा लेखी तक्रार केली होती. "जोडपं म्हणजे एकच ना, बाई?" एवढे बोलून कारकून मोकळा होत असे. १७ जानेवारीला सुनेनेही रक्त दिले होते. कागद हाती पडला तेव्हा वर तिचे नाव आणि खाली शून्य. घराने दोष तिच्या माथी मारला. डॉक्टरांनी नवऱ्याच्या तपासणीबद्दल विचारले, तेव्हा "मुलाचं सगळं ठीक आहे, हिचंच अडलंय," असे सासूने अगदी प्रामाणिकपणे सांगितले. डॉक्टरांपुढे साठ रुग्ण ताटकळत होते. त्यांनी कागद मागितला नाही. नमुन्याची डबी कोणी भरून दिली होती, हे घरात फक्त एकाला ठाऊक होते.

ज्याचा अहवाल त्यालाच सांगायचा, हा नियम बाईंनी कधी मोडला नव्हता.

"तुमच्या मुलाला आत पाठवा."

"त्याचं काय काम?"

"त्याचंच काम आहे."

तो आत आला, पण बसला नाही.

"हा कागद कोणाचा?"

"नाव तर तिचं आहे."

"नाव मलाही वाचता येतं. डबी कोणी दिली होती?"

तो फरशीकडे बघत हळूच म्हणाला, "पण बाई, मला काही कमी नाही हो. चांगलं... भरपूर असतं."

बाईंनी कागद पालथा केला आणि पेन्सिलीने भराभर आकृती काढली. "हे वृषण. शुक्राणू इथे तयार होतात आणि या शुक्रवाहिनीतून वर येतात. पाणी दुसरीकडून येतं, मूत्राशयामागच्या या दोन पिशव्यांतून आणि या प्रोस्टेट ग्रंथीतून. तुम्ही भरपूर म्हणताय ते जवळजवळ सगळं हे पाणी. बस वेळेवर धावतेय, आत प्रवासी एकही नाही."

"म्हणजे मी नामर्द?"

"अहो, त्याचा इथे काय संबंध! वाट बंद असेल, नाहीतर मुळात तयारच होत नसतील. कोणतं ते तपासल्यावर कळेल. तपासायचं तुम्हाला. तिच्या पोटाला भोकं पाडून तुमची वाट मोकळी होणार आहे का?"

"आईला सांगू नका."

"मी तुमच्या घरी कोणालाच सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आणि आत्ता."

तो बाहेर गेला. खिडकीतून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "मशीन बिघडलंय म्हणे यांचं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मोजणी कोणतेही मशीन करत नव्हते. सव्वीस वर्षे त्यांचे दोन डोळे करत होते.

त्या उठल्या. प्रयोगशाळेच्या प्रतीवरचे सुनेचे नाव खोडून त्यांनी तिथे नवऱ्याचे लिहिले आणि सही केली.

"पद्धत मोडलीत तुम्ही," कारकून म्हणाला.

"मोडली. सही वाचता येतेय ना? मग झालं."

प्रत घेऊन त्या तीन जिने चढून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि सोमवारची शस्त्रक्रिया रद्द केली. मग नवरा-बायकोला आत बोलावून त्यांनी नवऱ्याला विचारले, "तुम्ही सांगता की मी सांगू?" तो भिंतीकडे बघत नुसता "सांगा" म्हणाला. बायकोला सगळे डॉक्टरांनीच सांगितले.

दुपारी सून एकटीच तळघरात आली.

"ताई, बाईच्या अंगात हे असतातच का?"

"नाही. कोणत्याच बाईच्या नसतात. आपल्याकडे बीजांड, तेही बहुधा महिन्याला एक."

"आणि मी सहा आठवडे ते वाढायचं कडू औषध पितेय." तिला हसू फुटले, पण अर्ध्यावरच थांबले. "यांना माहीत होतं. मी विचारलं. म्हणाले, कागदावर नाव तुझंच होतं."

बाई अशा प्रसंगी काही ना काही ठणकावत. त्या दिवशी त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवले.

नवऱ्याची तपासणी पुढच्या आठवड्यात सुरू झाली. त्याच्या कागदावर त्याचे नाव आहे, ते बाईंनी हाताने घातले म्हणून. छापून मात्र अजून बायकोचेच नाव येते. सहा आठवडे सुनेने जी बोलणी ऐकली, त्यांबद्दल तिची माफी अजून कोणीही मागितलेली नाही.