जेवलास काय?

सातवीत शाळा सोडून चंदगडहून कोल्हापूरला आलो नि वसतिगृहात वाढपी झालो. तिथला एक परदेशी विद्यार्थी मराठी शिकायला रोज माझ्याशी बोलत बसे आणि माझं बोलणं वहीत उतरवी. मला संशय, हा वही वसतिगृहाच्या साहेबांना दाखवणार नि माझी नोकरी घालवणार. म्हणून मी एवढंच विचारायचो, "जेवलास काय?"

एकदा त्यानं दबकत विचारलं, "मी खोलीत चोरून स्टोव्ह पेटवतो, हे साहेबांना सांगायला रोज जेवल्याचं विचारता?"

"न्हाय रे बाबा! आमच्यात गाठ पडली की असंच इचारत्यात."

त्यानं ते वहीत उतरवलं. मग म्हणाला, "तुम्ही जेवला काय?"

वाढप्याला हे विचारणारा कोल्हापुरात तो पहिलाच.