पेशी दाखवणाऱ्या साळवेबाई

ऑपरेशन थिएटरकडून बरणी आली की साळवेबाई आधी तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचत. नाव, वय, गाव. नावापुढे 'राव' किंवा 'बाई' हे त्या पदरचं लावत. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "बाई, हा गर्भाशयाचा तुकडा कुठं ठेवू?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुकडा कापडाचा असतो, दिनकर. ह्या पुणतांब्याच्या सुमनबाई आहेत. त्यांना त्या ट्रेमध्ये ठेव."

नगरच्या एका रुग्णालयात आम्ही दोघं तंत्रज्ञ. बाई बुटक्या, सावळ्या. अंगावर सुती साडी, तिच्यावर डाग पडलेला अ‍ॅप्रन आणि गळ्यात बारीक क्रॉस. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या मांसाचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे आमचं काम. काप काढताना त्या श्वास रोखून धरत, आणि मलाही धरायला लावत. रिपोर्ट डॉक्टरांचा; पण अडलं की डॉक्टरसुद्धा विचारत, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी खिडकी पुसते. बाहेर काय दिसतं ते तुम्ही सांगा."

एका जानेवारीत मी त्यांना हुरड्याला आमच्या गावी नेलं. राहुरीच्या अलीकडे, मुळेच्या कालव्यावर आमचं रान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, हुरडा भाजत होते. तासाभरात ते तीनदा उठून उसाच्या आड गेले आणि दर वेळी बराच वेळ लावून परतले. पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. बाईंनी हे सगळं पाहिलं. अण्णा आगटीपाशी एकटे उरल्यावर त्या जवळ गेल्या.

"अण्णा, लघवीला जोर करावा लागतो का?"

अण्णांच्या हातातलं कणीस राखेत पडलं. "बाईमानसानं असलं इचारू नये," एवढंच म्हणून ते उठले, ते आम्ही निघेपर्यंत गोठ्यातून बाहेर आले नाहीत.

परतताना एसटीत मी बाईंची माफी मागितली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आमचे मिस्टर शाळामास्तर होते. त्यांनाही हाच त्रास होता. लाजेपायी बोलले नाहीत, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा कळलं. मी लॅबमध्ये रोज ह्याच ग्रंथीचे, प्रोस्टेटचे, काप काढत होते, दिनकर, आणि घरी एकदा विचारलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू विचारलंस का कधी?"

मी विचारलं नव्हतं. त्यानंतरही विचारलं नाही. बापाला हे कसं विचारायचं?

मार्चमध्ये एका साखरपुड्यात अण्णांची लघवी दुपारपासून साफ बंद झाली. चार माणसांत सांगायला नको म्हणून ते तसेच मांडवात बसून राहिले. संध्याकाळी जीपमधून नगरला आणलं, तेव्हा ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि ते लहान मुलासारखे रडत होते. नळी घालून मोकळं केलं. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. कोरून काढलेल्या ग्रंथीची बरणी आमच्याच लॅबमध्ये आली. बाईंनी मला तिला हात लावू दिला नाही. सगळं स्वतः केलं.

इकडे अण्णांनी मनाशी पक्कं केलं होतं, गाठ म्हणजे कॅन्सर. जेवण टाकलं. रानाचा कुठला तुकडा कुणाच्या नावावर करायचा ते आईला सांगू लागले. चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले, "आजोबा, कॅन्सर नाही." अण्णा भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "पेशंटला कोन खरं सांगतंय?"

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी डॉक्टरांची परवानगी घेतली आणि अण्णांना चाकाच्या खुर्चीवरून लॅबमध्ये आणवलं. सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला लावला.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा. काय दिसतंय?"

"समदं गुलाबी हाय. मधी जांभळ्या ठिपक्यांची नक्षी."

"ही तुमची गाठ."

अण्णा झटक्याने मागे सरले. मग हळूच पुन्हा वाकले. "माजी?"

"तुमचीच. ही ग्रंथी लघवीच्या नळीभोवती असते, आक्रोडाएवढी. तरुणपणी तिच्यात जितक्या पेशी जन्मतात, तितक्याच मरतात. वय झालं की जुन्या पेशी वेळेवर मरत नाहीत. जागा अडवून बसतात."

"आमच्या सोसायटीच्या डायरेक्टरावानी."

बाई हसल्या. ऑपरेशननंतर अण्णांनी केलेली ही पहिलीच थट्टा.

"तसंच. वयानं रक्तातलं पुरुषी हार्मोन कमी होतं. पण हा गुलाबी भाग आहे ना, त्यातल्या पेशी त्याच्यापासून आणखी कडक हार्मोन बनवत राहतात. आणि शेजारच्या पेशींना निरोप देतात, वाढा. त्या वाढतात, नळी आवळली जाते."

"आन् क्यान्सर?"

"जांभळे ठिपके नीट बघा. प्रत्येक पोकळीभोवती त्यांच्या दोन रांगा आहेत, एक आतली, एक बाहेरची. कॅन्सरमध्ये बाहेरची रांग नाहीशी होते. तुमची शाबूत आहे."

बाई काच सरकवत राहिल्या आणि अण्णा बघत राहिले. "हितं दोन. हितंबी दोन." बराच वेळ चाललं होतं. मग डोळे न काढताच त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तरनेपनी मानसाच्या हातनं काय चुकलं असंल, त्याचं हे फळ न्हाई ना?"

मी रंगाच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करू लागलो. इतकी वर्षं ते हे मनात घेऊन वावरत होते.

"पाप काचेवर दिसत नाही, अण्णा," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली मला बघताना. फक्त वय दिसतं."

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात हृदयविकाराने गेल्या. मी गावी फोन केला, तर अण्णा "म्या येतो" एवढंच म्हणाले. चर्चमध्ये ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थना झाली. पाळकांनी विचारलं, "बाईंविषयी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" मी कागदावर लिहून आणलं होतं. मी खिसा चाचपतोय तोवर अण्णा उभे राहिले होते.

"मला बोलता येत न्हाई," ते म्हणाले. बायाबापड्या, मुलंबाळं, सगळं चर्च मागे वळलं. "मला लघवीचा तरास हुता. पाच वर्षं मी कुनाला बोललो न्हाई. बायकूला न्हाई, ह्या पोराला न्हाई. ह्या बाईनं इचारलं, तवा मी तिचा अपमान केला. तिनं मला माजी गाठ दाखवली. म्हनून मी आज हितं उभा हाय."

ते खाली बसले. चर्चमध्ये कुणी हसलं नाही. माझा कागद खिशातच राहिला.

दफन आटोपून आम्ही बाहेर आलो. बाईंच्या नात्यातले एक वृद्ध गृहस्थ, कोटाची सगळी बटणं लावलेले, अण्णांच्या जवळ आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी अण्णांचा दंड धरला.

"मलाही होतंय," ते म्हणाले. "तुम्ही कुठल्या डॉक्टरकडं गेला होता?"

"चला की," अण्णा म्हणाले. "आत्ताच जाऊ."