खारट थेंब
ओल्या पंच्याचा वास आला की पिंपळगावातली एप्रिलची ती दुपार आठवते. वडिलांप्रमाणेच मलाही जन्मापासून घाम येत नाही, म्हणून उन्हाळाभर मी खांद्यावर ओला पंचा घेऊनच वावरते. माझ्या बाळालाही हे असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दुपारी लाईट गेली होती, बाळ मांडीवर दूध पीत होतं, आणि त्याच्या कपाळावर एक थेंब चमकला. पंच्यातून गळला असेल म्हणून मी पुसला, तर तिथेच दुसरा फुटला. बोट जिभेला लावलं. खारट! "अगं, लय घामाघूम झालंय लेकरू, वारा घाल ना!" सासूबाई ओरडल्या. मी तिसऱ्या थेंबाची वाट बघत बसले. मला जन्मात न आलेलं पाणी त्या इवल्या कपाळातून आपसूक पाझरत होतं. आता ते बाळ शाळेत जाणारा मुलगा झालंय; तो खेळून आला की त्याचा शर्ट बादलीत टाकण्याआधी मी हळूच हुंगते. "शी, आई!" तो ओरडतो.