अठरा मिनिटांचं लग्न

पत्रिकेवर छापलेल्या मुहूर्ताचा आणि प्रत्यक्ष अक्षता पडण्याचा काही संबंध नसतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दोन्हींमधलं अंतर मिनिटांत सांगणारा माणूस एकच, आमच्या उमापूरचा बिभीषण. माजी सभापती सुंदररावांचा तो ड्रायव्हर. सुंदररावांचं राजकारण भाषणांवर चालत नाही, हजेरीवर चालतं. लग्न असो नाहीतर दहावा, साहेब तिथं दिसले पाहिजेत. आणि ते दिसतात ते बिभीषणच्या वहीमुळं.

वही साधी, दोनशे पानी. आदल्या दिवशी संध्याकाळी तो सगळ्या पत्रिका ओसरीवर गावांच्या क्रमानं मांडतो आणि पान भरतो. सकाळी दहावे, कारण कावळा शिवला की माणसं पांगतात. मग लग्नं. जेवण एकाच मांडवात, बाकी ठिकाणी नुसते हात जोडायचे. डिकीत पांढऱ्या टोप्यांची पिशवी वेगळी, फेट्यांची वेगळी. एकदा साहेब गुलाबी फेट्यानिशी दहाव्याला उतरले होते, तेव्हापासूनची ही व्यवस्था.

मुलीच्या बापाला तो कधी फोन करत नाही. बाप "या, लागतंयच" म्हणणार. तो वाजंत्रीवाल्याला गाठतो आणि एवढंच विचारतो, "नवरदेव मारुतीला गेला का?" मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव मांडवात यायला नुसती वाजंत्री असेल तर चाळीस मिनिटं, डीजे असेल तर सव्वा तास. त्या हिशोबानं गाडी काढायची. सत्कार, आशीर्वादाचे दोन शब्द, अक्षता, फोटो. एका लग्नाला अठरा मिनिटं. सकाळी कड्याला दहावा, संध्याकाळी धर्मापुरीला लग्न आणि मधे सात मांडव, हा त्याचा विक्रम आहे. पुण्याकडं वेळेच्या नियोजनाची शिबिरं भरतात म्हणे. शिकवणाऱ्यांनी एक दिवस या गाडीत बसून बघावं.

तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या थोरल्या मुलीचं, दिपालीचं लग्नही त्यानं असंच वहीत लिहिलं. दोन लग्नांच्या मधे, एका ओळीत. अठराव्या मिनिटाला साहेब उठले आणि बिभीषणही उठला. साहेबांनी त्याला "चल" म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो, कारण गावात उगाच साहेबांना बोल लावतात. चावी याच्या खिशात होती आणि पाय आपोआप गाडीकडं वळले. पाठवणीला दिपालीनं बापासाठी अर्धा तास गाडी थांबवून धरली. तेव्हा तो गेवराईच्या पुढं तिसऱ्या मांडवाबाहेर गाडी लावत होता. शेवटी ती तशीच गेली. बायको, छबुबाई, आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी शेजारी. मलाही त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

यंदा धाकट्या वैष्णवीचं ठरलं. तिनं बापाकडं दागिना मागितला नाही.

"आबा, माझ्या लग्नात तुमी नुसतं बसा. मी गाडीत बसंस्तोवर."

तो बरं म्हणाला. पण तारीख दाट होती, त्या दिवशी आणखी सात लग्नं होती, आणि निवडणूक जवळ आल्यानं साहेबांना एकही मांडव सोडायचा नव्हता. बिभीषण काय करील, यावर पारावर पैजा लागल्या. मी तो उठणार यावर लावली.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो वही घेऊन साहेबांकडं गेला. मीही पत्रिका द्यायला सोबत होतो. साहेबांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"आरं बिभीषण, सात मांडव लिवले. तुझ्या पोरीचं लगीन का न्हाई ह्याच्यात?"

"वहीत लिवलं की अठरा मिनिटं व्हत्यात, साहेब."

असं म्हणून त्यानं गाडीची चावी वहीवर ठेवली. साहेबांनी चावी उचलली.

"मग मी येऊ का नको?"

"या की. तुमाला अठरा मिनिटं. मला दिसभर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भाड्यानं ड्रायव्हर घेतला आणि दोघं पत्रिकेवरच्या वेळांवर विसंबले. दोन ठिकाणी मांडवात फक्त आचारी भेटले, तिसरीकडं पंगती उठून गेल्या होत्या. बिभीषणनं फोन बायकोकडं दिला होता आणि तिनं तो तांदळाच्या डब्यात ठेवला. तो मांडवात खुर्चीवर बसला. हळदीच्या अंगानं, नवा फेटा डोक्याला टोचत असताना, बसला. पहिला तासभर दर पाच मिनिटांनी मनगटाकडं बघत होता, मग ते थांबलं. मी पैज हरलो, आणि मला बरं वाटलं.

साहेब चार वाजता आले आणि मुकाट्यानं पंगतीला बसले. उरलेल्या मांडवांचं नावही त्यांनी काढलं नाही.

पाच वाजता पाठवणी. वैष्णवी बापाच्या गळ्यात पडली ती सोडेना. नवऱ्या मुलाकडच्या ड्रायव्हरनं गाडी चालू करून हॉर्न दिला. लांब जायचं होतं.

"बंद कर गाडी," बिभीषण म्हणाला. "टाइम हाय आपल्याला."

दिपाली शेजारीच उभी होती. वैष्णवीची पिशवी तिच्या हातात होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "टाइम तवा बी व्हता."