अ‍ॅश्टनसाहेबांचं मूळ गाव

बायकोला वाटतं, माझी झोप शुगरच्या गोळ्यांमुळं उडते. मी तिला तसं वाटू दिलंय. खरं कारण तिला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. आज तुमच्यापुढं बोलायला बसलोय, आणि आताही जीभ मागं ओढतेय – कुठून धरावं?

अ‍ॅश्टनसाहेबांपासून धरतो.

रॉबर्ट अ‍ॅश्टन म्हणजे आमच्या पूर्णेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. रंग माझ्यासारखाच सावळा, डोक्यावर भर उन्हाळ्यातही हॅट. बोलणं अर्धं मराठवाडी, अर्धं सिकंदराबादी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून संध्याकाळी आमची बैठक कोपऱ्यावरच्या हबीबच्या हॉटेलात. त्यांचा आवडता विषय एकच – आडनाव.

अ‍ॅश म्हणजे एक झाड. टन म्हणजे गाव. अ‍ॅशच्या झाडांचं गाव, इंग्लंडच्या उत्तरेला. त्या गावातून त्यांचे पणजोबा शिपाई होऊन मद्रासला आले, मद्रासहून सिकंदराबादला. आजोबा निजामाच्या रेल्वेत लागले, आणि वडील इंजिन घेऊन पूर्णेला. "तुमचे पिंगळीकर असतात ना मास्तर, तसे आमी अ‍ॅश्टनकर," असं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

हबीब मुद्दाम विचारायचा, "साहेब, तुमची आष्टी कोणती म्हणायची? बीडची का विलायतची?"

"विलायतची बे! बीडच्या आष्टीत निदान चहा तरी बरा मिळतो, तुझ्यापेक्षा."

सगळे हसायचे. मीही हसायचो. आणि मला ठाऊक होतं, की ही सगळी गोष्ट खोटी आहे.

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना ती तशीच मिळाली होती. खरी गोष्ट माझ्या वडिलांनी शेवटच्या आजारात मला सांगितली. माझ्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता, खंडू. दुष्काळात घरी दाणा नव्हता, तेव्हा अ‍ॅश्टन नावाच्या एका मूलबाळ नसलेल्या गोऱ्या ड्रायव्हरनं तो पोर मागितला, आणि आमच्या माणसांनी दिला. गोऱ्यानं त्याला नाव दिलं, देव दिला, आडनाव दिलं. पुढं खंडू हेन्री अ‍ॅश्टन होऊन, स्वतः गाडी चालवत, पूर्णेच्या फलाटावर उतरला. आजोबांनी ओळखलं. पण ते म्हणाले, तुझं बरं चाललंय, चालू दे. त्या काळात आमच्या जातीचं नाव कळलं असतं तर इंजिनाच्या दांड्याला त्याचा हात कुणी लागू दिला असता? दोघं भाऊ मरेपर्यंत एकमेकांना नमस्कार करत राहिले, बस्स.

त्या हेन्रीचे चिरंजीव म्हणजे रॉबर्ट अ‍ॅश्टन, माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. माझे काका. आणि मी त्यांना साहेब म्हणायचो.

इथवर माझा काही गुन्हा नाही, असं तुम्ही म्हणाल. पुढं ऐका.

आपल्याकडं आडनाव विचारतात ते गाव कळावं म्हणून नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पुढचा प्रश्न ओठांवरच असतो. माझ्या मुलीच्या मेडिकलच्या प्रवेशाच्या वेळी हाच प्रश्न सरकारनं विचारला – जात पडताळणी. वंशावळ शपथेवर द्या. आजोबा, आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं. आम्ही बौद्ध, आमचा हक्क चालतो. ख्रिश्चन झालेल्यांचा चालत नाही. घरात ख्रिश्चन फांदी निघाली तर? कुणी हरकत घेतली तर? प्रकरण रखडलं आणि जागा गेली तर? वकिलाला विचारायचीही भीती – विचारलं म्हणजे सांगितलंच की. मी शपथेवर सांगून टाकलं – खंडू, लहानपणीच वारला.

आणि तो दाखला यायचा असतानाच एका दुपारी साहेब घरी आले. हॅट हातात. घामानं डबडबलेले. याआधी ते कधी आमच्या घरात आले नव्हते.

मुलानं तिकडं कुठल्याशा नळीत थुंकी घालून तपासायला पाठवली होती, पूर्वज शोधायला. उत्तर आलं. त्यात इंग्लंड नव्हतंच.

"मास्तर, पोरगा हसायलाय फोनवर. म्हणतो, डॅडी, आपण तर सगळे इथलेच निघालो." ते खुर्चीच्या काठावर बसले. "मला हसू येईना. माझे पप्पा मरताना मराठीत बोलले हो. बायबल न्हाई, इंग्लिश न्हाई. 'दादा' म्हणत होते. कुणाचं दादा? तुमचे आजोबा अन् पप्पा लय जुने वळखीचे. तुमच्या घरात काही बोलणं झालं असंल तर सांगा. काही बी असू द्या. मला शरम न्हाई वाटायची. फक्त मी कुणाचा, एवढं सांगा."

आतल्या दारात आई उभी होती. तिला सगळं माहीत होतं.

मी काय केलं? मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "साहेब, त्या कंपन्या पैसे उकळतात. गावच्या गप्पांवर जाऊ नका. तुम्ही अ‍ॅश्टनच." आणि पाणी आणायला उठलो, म्हणजे त्यांच्याकडं बघावं लागणार नाही.

ते पाणी प्यायले. "बराबर हाय," म्हणाले. निघून गेले.

आईनं त्यांचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "तवा पोटात अन्न न्हवतं म्हून लेकरू दिलं. तू तर जेवून उठून दिलंस."

त्यानंतर साहेबांनी अ‍ॅश्टनची गोष्ट कधी सांगितली नाही. हबीबनं आष्टीचा विषय काढला की ते बशीत बघत बसायचे. पुढं त्यानंही विचारणं सोडलं. विलायत त्यांच्या पोराच्या फोननं गेली होती. पूर्णा मी जाऊ दिली.

दाखला आला. खंडूबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. नंतर एका वकिलानं बोलता बोलता सांगितलं, की शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या घरात गेलेल्या भावामुळं असं काही अडत नसतं. मुलगी डॉक्टर होतेय. मग तर सांगायला हरकत नव्हती ना? साहेब अजून दोन पावसाळे जगले. रोज संध्याकाळी समोर बसायचे. रोज मी म्हणायचो, उद्या. नंतर आई गेली, आणि मला आठवण करून देणारंही कुणी उरलं नाही.

साहेब झोपेतच गेले. मुलाला येणं जमलं नाही. त्याला दिसावं म्हणून कुणीतरी मोबाइल वर धरला होता. परभणीहून पाद्री आले. हबीब आणि आम्ही कॉलनीतले मोजके लोक. पेटी खाली उतरली. पाद्रींनी आमच्याकडं बघून विचारलं, "पहिली माती घरच्यांनी टाकायची. घरचं कुणी आहे का?"

माझ्या मुठीत माती होती. कुठला दाखला अडणार नव्हता, कुणाची जागा जाणार नव्हती, कुणी काही म्हणणार नव्हतं.

मी बाजूला सरकलो आणि हबीबला पुढं जायला वाट करून दिली.